खाटेखालची गाळणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी पेटी आहे. माझी पहिली वर्षे इंडोनेशियातल्या मनाडोच्या बंदराजवळ, युल्चेच्या दुकानात गेली. माझ्यात पानाडे असत, तिखट माशाचे सारण भरून तळलेले पाव. गिऱ्हाईक काचेवर बोट टेकवून म्हणे, "तो नको, तो फुगलेला दे." ते दिवस चांगले होते, असे म्हणायला हवे.

मग युल्चेचे वडील वेम्पी समुद्रातून फार घाईने वर आले. तीस वर्षे ते तोंडात हवेची नळी धरून खोल बुडी मारत. त्या दिवशी होडीवरचे हवेचे यंत्र बंद पडले. जीव वाचला, पण एकदम वर आल्याने रक्तात हवेचे बुडबुडे होऊन कमरेखालचे अंग बधिर झाले. दुकानामागच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आठ महिने कुणाशी धड बोलले नाहीत.

युल्चेने खोलीतच समुद्र आणायचे ठरवले.

शेजारच्या तान्ते ओल्गा, म्हणजे ओल्गा मावशी, म्हणाल्या, "अगं, इथे पाय ठेवायला जागा नाही. मासे काय डोक्यावर ठेवणार?"

"मासे टेबलावर, गाळणी पप्पांच्या खाटेखाली."

ती गाळणी म्हणजे मी. तिने माझ्यात दोन काचा चिकटवून तीन कप्पे केले, खाटेच्या पायांखाली विटा लावल्या आणि मला आत सरकवले. खाटेलगतच्या टेबलावर माशांची टाकी होती; तिच्यातले पाणी पहिल्या कप्प्यात, गाळायच्या फडक्यावर पडे. दुसऱ्यात भोकाभोकांचे दगड आणि समुद्री शेवाळ होते, तिथे घाण जिरे. तिसऱ्यातला पंप पाणी पुन्हा वर ढकली. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे यंत्र उंच होते, ते मावले नाही. वेम्पींच्या सोबत्यांनी डब्यांतून समुद्राचे पाणी आणले. पोवळी आली, केशरी माशांची जोडी आली. वेम्पींनी मान वळवली नाही. मलाही काही वाटले नाही.

एका दुपारी वीज गेली. पंप थांबला, पण पाणी वर नेणाऱ्या परतीच्या नळीतून टाकीतले पाणी उलटे खाली येऊ लागले. मी भरले, सांडले. वेम्पींचा एक पाय खाटेवरून घसरून फरशीला टेकला होता. पाणी टाचेभोवती साचले. त्यांना ते जाणवले नाही; आवाजाने मान वळवली तेव्हा फक्त दिसले. बराच वेळ ते पाहत राहिले. मग त्यांनी वर पाहिले. टाकी निम्मी झाली होती आणि पोवळी उघडी पडली होती.

"युल्चे! नळी! वरची नळी पाण्याबाहेर ओढ!"

ती पिठाच्या हातांनी धावत आली. नळी ओढली, धार थांबली.

"बावळट! परतीच्या नळीला पाण्याच्या रेषेच्या जरा खाली भोक पाडायचं असतं. पाणी उतरलं की हवा शिरते, ओढ तुटते. आणि पेटी काठोकाठ भरतात का? वरून आलेलं पाणी जायचं कुठे?"

युल्चे ओल्या फरशीवर बसून रडू लागली. "आठ महिन्यांनी बोललात, ते पण शिव्याच!"

"रड नंतर. आधी त्या पेटीतलं पाणी वर टाक. उंचावरून ओत, हवा मिसळू दे. नाहीतर मासे गुदमरतील."

दुकानात गिऱ्हाईक हाका मारू लागले, तेव्हा वेम्पींनी तिच्या हातातला वाडगा घेतला. कुशीवर वळून ते टाकीतलेच पाणी उचलत आणि ओतत राहिले, वीज येईपर्यंत.

आता माझ्या पहिल्या कप्प्यातले फडके तेच धुतात. रोज सकाळी पालथे होऊन एक हात खाली घालतात. पायांत जाणीव आलेली नाही.

युल्चेने एकदा विचारले, "पप्पा, आता बरं वाटतं ना?"

"नाही," ते म्हणाले. "धुतलेलं फडकं दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी तुमच्या हातच्या पाण्यावर जगत असेल. त्याचे करायला मन लागण्याची वाट पाहू नका. मन लागेल तेव्हा लागेल. पाणी तोवर थांबत नाही.