बाहेरचा बाक

“मुलगी आहे ना सोबत? मग तीच सांगेल की,” अध्यक्षबाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

घोडं अडलं होतं ते दुभाषी बाईपाशी. ती आलीच नव्हती. कामासाठी परक्या मुलखात आलेल्या, लढाईपायी घर सोडावं लागलेल्या बायकांना बाळंतपणात, पाळीच्या दुखण्यात दवाखान्यात काय सोसावं लागतं, हे ऐकायला आरोग्य विभागाची समिती बसली होती. आमच्या वस्तीतर्फे बोलणार होती माझी आई. मागणी एकच: बाईला तपासताना तिची भाषा बोलणारी बाई द्या. नवरा नको, पोरं तर नकोतच. आज बोलणं झालं नाही तर ही मागणी अहवालात जाणार नव्हती, आणि पुढची सुनावणी कधी, ते देव जाणे.

आई माइकसमोर उभी होती. ती हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. तिच्या अंगावरच्या कपड्याला सुरकुती पडायची हिंमत होत नाही.

“काय म्हणतात त्या?” तिने मला विचारलं.

“मीच सांगावं म्हणतात तुझं बोलणं. कर सुरू.”

“तू नाही.”

“आई, आता मी काय दहा वर्षांची आहे का?”

“तेव्हा होतीस.”

तेव्हा डॉक्टर माझ्यापुढे वाकून म्हणाला होता, आईला सांग, पोटातलं बाळ गेलं. मी सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, “बरं. त्यांना म्हणावं, कळलं.” रडली नाही. मी घाबरेन म्हणून. पुढे कितीतरी वर्षं तिच्या अंगावरून रक्त जायचं, इस्त्री करता करता चक्कर यायची, पण ती डॉक्टरकडे जाईना. जायचं तर सगळं माझ्या तोंडून विचारायचं. त्यापेक्षा तिने सोसलं. शेवटी वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या ताईंनी आमची भाषा येणारी बाई शोधून आणली, तेव्हा कुठे उपचार झाले. मला याचा अजून संताप येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

त्याच ताईंच्या तोंडचं पाणी आता पळालं होतं. “अहो, आईला समजवा ना,” त्या मला म्हणाल्या. “आजच्यापुरतं. संधी हातची जाईल.”

समजवायला मी कोण? माझी आई एकदा ‘नाही’ म्हणाली की विषय संपला. माझ्या लग्नाच्या वेळी मी हे चांगलं भोगलंय.

आईने माइक जवळ ओढला. इथली भाषा तिला येते ती लॉन्ड्रीपुरती. उचला, आणा, थांबा, दार लावा. तेवढ्या शिदोरीवर ती बोलली.

“मुलगी नाही. दुसरी बाई आणा. मी थांबते.”

“मग आम्हाला पुढचं नाव घ्यावं लागेल,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

पुढचं नाव मळ्यात फळं तोडणाऱ्या एका बाईचं होतं. ती उठली, आईकडे बघून पुन्हा खाली बसली. “आधी त्यांचं होऊ द्या,” म्हणाली. तिच्यानंतरची बाई तर उठलीच नाही.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. कारकून फोन कानाला लावून बाहेर पळाला. आणि काय सांगू, सकाळपासून कुठेच न मिळणारी दुभाषी समितीचा चहा संपायच्या आत हजर झाली. तिने पिशवी खाली ठेवली आणि आमच्या भाषेत म्हणाली, “बोला काकू, मी आहे.”

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत सावरून बसले.

“तू बाहेर बैस,” आई मला म्हणाली.

“अगं, मला ऐकायचंय.”

“बाहेर बाक आहे. जाताना दार लावून घे.”

भर सभेत, पिकायला लागलेल्या केसांची मी, मुकाट्याने बाहेर गेले.

बंद दाराआडून आईचा आवाज येत होता. तिच्यामागून त्या अनोळखी बाईचा. माझं काहीच काम नव्हतं. मग मध्येच आई थांबली. आणि ऐकू आलं ते तिचं रडणं. मोठ्याने, मोकळं. मी समोर नव्हते ना. मी उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. थोड्या वेळाने तिचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा खणखणीत. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

कारकून कागद घेऊन आत चालला होता. मला बघून थांबला. “अहो, तुमच्या आई बोलतायत. बाहेर का बसलात?”

“आईने बसवलंय,” मी ऐटीत सांगितलं.