धारणीच्या जीपचा ब्रीदर पाइप

मित्रांनो, जीपचं बॉनेट उघडलं की माणसं आधी टर्बोकडे पाहतात. टर्बो म्हणजे आमच्या घरचा जावईबापू. त्याचं कौतुक सगळ्यांना, त्याचे रुसवेफुगवेही सगळ्यांना पाठ. त्याच्या बाजूला हातभर लांबीचा, तेलकट, काळा रबरी पाइप दिसतो, तो मी. मला ब्रीदर पाइप म्हणतात. आता मी जुना झालो आहे, अंगावर बारीक भेगा आहेत, पण कामावर आहे. पेन्शन आम्हाला नसते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. आठवतं ते अकोल्याच्या जुन्या शहरातलं, मोर्णा नदीपलीकडच्या गल्लीतलं स्पेअर पार्टचं दुकान. तिथे खिळ्याला लटकून मी कितीतरी दिवस काढले. गिऱ्हाईक यायचं, मला वाकवून बघायचं आणि पुन्हा अडकवायचं. मुलगी दाखवावी तसा प्रकार. शेवटी परतवाड्याचे मिस्त्री अब्दुल गफ्फार आले. त्यांनी मला एकदाच बोटांनी दाबलं आणि म्हणाले, "हाच द्या." बरं वाटलं हो मला!

त्यांनी मला गजेंद्रच्या जीपमध्ये बसवलं. गजेंद्र धारणीचा. धारणीहून मेळघाटच्या घाटातून परतवाडा आणि तिथून अमरावती, अशा सवाऱ्या तो नेतो.

माझं काम काय, ते ऐका. इंजिनात इंधन जळतं तेव्हा थोडा धूर आणि थोडी गरम हवा पिस्टनच्या कडेकडेने खाली निसटते आणि इंजिनाच्या पोटात जमते. त्यात आमचे जावईबापू हवा दाबून दाबून आत भरतात, म्हणून टर्बोच्या गाडीत ही निसटणारी हवा जास्त. चढाला तर विचारूच नका. ती हवा पोटातून बाहेर काढायची, टर्बोच्या तोंडाशी नेऊन पोचवायची आणि पुन्हा जाळायला द्यायची, एवढंच मी करतो. हे काम नीट चाललं तर कोणाला कळतही नाही, म्हणून शाबासकीही मिळत नाही. चालायचंच.

ते दिवस चांगले होते. मग गजेंद्रच्या बायकोच्या, शालूच्या, किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस सुरू झालं. पुढच्या सीटवर ती बसायची, मागे सवाऱ्या. खिडकीशी डोकं टेकून ती गप्प असायची. गजेंद्र विचारायचा, "बरी हायस ना वं?" ती म्हणायची, "बरी हावो." तेवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं. मला त्या माणसाचा रागही येई आणि कीवही येई.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून तिची पूजा करतात. सकाळी गजेंद्रने बॉनेट उघडलं. इंजिनावर पाण्याचा मारा करायचा होता, म्हणून त्याने टर्बोकडचं माझं टोक सोडलं. शालू दारात पूजेच्या वाती वळत बसली होती. घरच्या वावरातला, पहिल्या वेचणीचा कापूस तिच्या मांडीवर होता.

"शालू, या पाइपात बोळा घाल बरं, पाणी जाईन आत," गजेंद्र म्हणाला.

तिने चांगला मूठभर कापूस घेतला आणि बोटाने खोल ढकलला. हात घरच्या बाईचा, काम एकदम पक्कं! इंजिन धुऊन झालं तेवढ्यात पूजेला बोलावणं आलं. गजेंद्रने घाईघाईने मला जागेवर बसवलं, क्लिप आवळली आणि हार घातला. बोळा माझ्या घशातच राहिला. मी बोलू शकत असतो तर तिथेच ओरडलो असतो.

पुढच्या खेपेपासून हाल सुरू झाले. कापूस तेल पिऊन फुगला. पुढची टर्बोकडची नळी अरुंद, म्हणून तो पुढेही जाईना. इंजिनाच्या पोटात हवा कोंडू लागली. कोंडलेली हवा वाट शोधतेच. तिने ऑइल मोजायची पट्टी वर ढकलून दिली. गजेंद्रने पट्टी परत आत खोचली, ती परत वर आली. मग या शहाण्याने काय करावं? तार घेतली आणि पट्टी बांधून टाकली. म्हणजे उरलीसुरली वाटही बंद! झालं, तेल सांध्यांच्या सीलमधून गळू लागलं. टर्बोतलं तेल खाली उतरेना, ते धुराड्याकडे गेलं आणि मागे निळा धूर निघू लागला.

गजेंद्र रोज तेल ओतायचा आणि पुटपुटायचा, "घाटानं खाल्ली गाडी. आता हे इंजिन गेलं समजा."

शालू ते ऐकत होती.

एका सकाळी आम्ही अमरावतीला निघालो. त्या दिवशी सवाऱ्या नव्हत्या, गाडीचा धूर पाहून कोणी बसलंच नाही. सेमाडोहच्या पुढे चढ लागला आणि जीपने दम टाकला. गजेंद्रने ती कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि कॅन घेऊन नाल्यावर पाणी आणायला गेला. शालू हळूहळू उतरली. तिचे पाय सुजले होते, चार पावलं टाकायला तिला धाप लागली. तिने मडगार्डवर हात ठेवला.

"माह्यापायी मरू नको बाई," ती जीपला म्हणाली. "आजची खेप शेवटची. ह्यायले मी सांगून देतो, मले नाही जायचं आता."

मित्रांनो, माझं काळीज रबराचं आहे, पण ते ऐकून चरचरलं. डायलिसिस सोडणं म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आणि तिचा समज काय, तर तिला वाहून वाहून गाडी संपली! खरं कारण माझ्या घशात अडकलेलं, आणि मी मुका.

कसेबसे, थांबत थांबत आम्ही परतवाड्याला पोचलो. अब्दुल गफ्फार मिस्त्रींनी आधी ती तार पाहिली.

"गजूभाऊ, हे काहून बांधलं?"

"पट्टी उडून राहिली होती."

"अरे बाबा, उडून राहिली तर ते काहीतरी सांगून राहिली ना. तिचं तोंड काहून बांधतं?"

त्यांनी क्लिप सैल केली, मला काढलं आणि आत बोट घातलं. मग चिमट्याने तो काळा, चिकट गोळा ओढून बाहेर काढला. आहाहा! किती दिवसांनी माझ्यातून हवा आरपार गेली.

शालू स्टुलावर बसली होती. तिने गोळा हातात घेऊन पाहिला. "हा तर माह्या हातचा," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता रडू लागली. गजेंद्र घाबरला.

"काय झालं वं? गाडी तर सुधरली."

"मले वाटलं गाडी माह्यापायीच गेली. मी ठरवलं होतं, आजच्यानंतर डायलिसिस बंद. रात्री झोपलं की छातीत दाटते. बसून रात काढतो मी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी विचारता, बरी हायस ना. मंग मी काय म्हणू?"

गजेंद्र तिच्या पायाशी, तेलाने माखलेल्या जमिनीवर बसला. सुजलेल्या पावलावर त्याने अंगठा दाबला, तिथे खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही. तो लहान लेकरासारखा रडला. मिस्त्री तोंड फिरवून मला रॉकेलने धूत राहिले. मग म्हणाले, "बहेन, गाडी आता अमरावती गाठते. तुमी येळ नका घालवू."

आम्ही पोचलो. डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर ती धुऊन झाल्यावर एकदा बॉनेटखाली वाकून पाहा, माझ्यासारख्या पाइपात काही राहिलं तर नाही ना. गाडी धूर काढते, तेल गाळते, ती हट्ट करत नसते, तिला काही सांगायचं असतं. तिला बांधू नका. ऐका.

संध्याकाळी शालू बाहेर आली आणि पुढच्या सीटवर बसली. गजेंद्रने किल्ली लावली.

"आज पायात लय गोळे आले," ती म्हणाली. "तोंड कडू झालं. आणि मले मशीनची भीती वाटते, पहिल्या दिवसापासून."

त्याने किल्ली फिरवली नाही. "सांग," तो म्हणाला.

ती सांगत राहिली. मला त्या दिवशी घरी जायची काहीच घाई नव्हती.