आतली काडी

"एकच गोष्ट ध्यानात ठेवा, चारही तारा एकदम सैल करायच्या नाहीत," व्हायोलिन तिच्या हातात देताना डिंककाका म्हणाले होते. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात बारा महिने डिंकाचा वास, म्हणून व्हायोलिनचा अख्खा क्लास त्यांना डिंककाका म्हणायचा.

"काका, आधी त्या लावायला तर शिकू द्या. सैल करायचं पुढचं पुढे," ती हसून म्हणाली. का करायच्या नाहीत, ते काका सांगायला लागले, पण तोवर ती गजाला राळ घासून बघत होती.

तेव्हा ती एकोणतीस वर्षांची. कान तपासणीच्या केंद्रात नोकरी. माणसाला हेडफोन लावून काचेपलीकडे बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. संध्याकाळी क्लास. तिथे बाकी सगळी आठ-नऊ वर्षांची. शेजारच्या चिमुरडीने पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, "काकू, तुमचा गज तिरका चाललाय." घरी सासूबाई म्हणायच्या, "दारात मांजराची शेपटी सापडली की काय गं?" पण ही मोठी चिवट. चार वर्षं, रोज पाऊण तास. एक दिवस सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "आज मांजर कुठे गेलं?" याहून मोठं बक्षीस तिला कुणी दिलं नव्हतं.

मग दिवस राहिले. सातव्या महिन्यात पाठ धरायला लागली तेव्हा तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं. ठेवताना चारही तारा सैल केल्या. "तूही जरा आराम कर," असं त्याला म्हणालीसुद्धा.

बाळ झालं, छान झालं. पाच महिन्यांत एक लस चुकली नाही. दूध, झोप, वजन सगळं वहीत. बाळ झोपलं की ती पाळण्यावर वाकून त्याचे श्वास मोजायची, मग पुन्हा एकदा मोजायची. बाळ हसलं की तीही हसायची. किती वेळ हसायचं, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

"काढ की ते आता बाहेर," नवऱ्याने कपाटावरची पेटी खाली उतरवली. "बरं वाटेल तुला."

तिने तारा चढवल्या. आत काहीतरी टक् करून घरंगळलं. राळेचा तुकडा असेल म्हणून तिने सोडून दिलं. वाजवलं तर आवाज गादीखालून आल्यासारखा. दुसऱ्यांचे कान तपासून पोट भरणारी बाई, तिला फरक कळला नाही असं नाही. पण तिला वाटलं, असंच असणार. सध्या सगळंच गादीखालून येतं. भाजीची चव, नवऱ्याचं बोलणं, बाळाचं हसूसुद्धा. मग व्हायोलिनच तेवढं वेगळं कसं असेल?

ती रोज पाऊण तास वाजवत राहिली. "मांजर आलं परत," सासूबाई म्हणाल्या, "पण आजारी दिसतंय." ती हसली, हसायचं तेवढा वेळ.

तीन आठवड्यांनी गजाचे केस विरळ झाले, म्हणून पेटी खांद्याला अडकवून, बाळाला कडेवर घेऊन ती काकांच्या दुकानात गेली. काकांनी सवयीने व्हायोलिनही हलवून पाहिलं. मग इवलासा आरसा भोकापाशी धरला.

"काडी पडलीय आतली. दोन फळ्यांमध्ये नुसती दाबून उभी असते ती, डिंक नाही की काही नाही. ताण गेला की पडते. सांगितलं होतं ना तुम्हाला? आणि वर तारा चढवल्यात! फळी खचली असती. किती दिवस वाजवताय असं?"

"तीन आठवडे."

"आणि कळलं नाही? तुम्हाला?"

"कळलं. मला वाटलं, मीच अशी झालेय."

काकांचा हात थांबला. "अशी म्हणजे?"

"काही नाही. तुम्ही बघा ना ते."

वाकड्या हुकाने काकांनी काडी आत उभी केली, तारा लावल्या, स्वतःच वाजवून दाखवलं. आवाज भरून आला. बाळाने दचकून मान वळवली. तिलाही सगळं ऐकू आलं, गोल, स्वच्छ, जसं हवं तसं. ती वाट बघत राहिली. तिच्या आत मात्र काही हललं नाही. आपलं काही नाही, व्हायोलिनचंच बिघडलंय, एवढी एकच आशा गेल्या दहा मिनिटांत तिला लागली होती.

"झालं ना आता?"

"त्याचं झालं," ती म्हणाली.

काकांनी हात पुसले. "घरी सांगितलंय कुणाला?"

"काय सांगू, काका? बाळ छान आहे, सगळे मदत करतात. तक्रार तरी कशाची करायची?"

"मला लाकडातलं कळतं, यातलं नाही. पण मिस्टरांना फोन लावा. आत्ता, इथूनच. बाळाला द्या माझ्याकडे."

तिने फोन लावला.

"काय गं? बाळ ठीक आहे ना?"

"बाळ ठीक आहे." तिने काकांकडच्या बाळाकडे पाहिलं. "मी ठीक नाहीये."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "कुठे आहेस? थांब तिथेच, येतो. आजच डॉक्टरांकडे जाऊ."

तिला रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. ती बाकावर बसून राहिली, आणि बाळ काकांच्या मिशा ओढत राहिलं.

तुमच्याही ओळखीत अशी कुणी असेल. बाळ लहान, सगळं वेळच्या वेळी करणारी, हसायचं तेव्हा हसणारी. तिला आज एक फोन करा. आणि बाळ कसं आहे, हे आधी विचारू नका.