शिवानी फोन उचलत नाही

मार्गासनीच्या सगुणाबाई हायवेलगतच्या एका कंपनीत पॅकिंगला जात. त्यांना आणि आणखी आठ बायकांना नेणारी ट्रॅक्स चालवायची त्यांचीच लेक, शिवानी. पोरीच्या हातात स्टिअरिंग आलं तेव्हा गावानं नावं ठेवली होती. आता त्याच गावच्या सुना तिच्या गाडीत जागा धरायला धावत.

कुरकुर होती ती कंत्राटदार सोमनाथची. कुठवर आलात, आज कोण कमी आहे, असे त्याचे वाटेत फोन यायचे, आणि गाडी चालू असेस्तोवर शिवानी काही उचलायची नाही.

एका सोमवारी तो मार्गासनीलाच येऊन उभा राहिला. "कानात यंत्र घालायचं न् बोलायचं. हात तर मोकळेच राहतात की!"

"हात राहतात दादा, डोकं न्हाई राहत."

"सरक. म्या दाखवतो."

मागच्या सीटवर सगुणाबाईंच्या मनात आलं, पोरीचं काम गेलं तर? शिवानी मात्र शेजारच्या सीटवर सरकली. "सावकाश घ्या," एवढंच म्हणाली.

थोडं पुढं गेल्यावर सोमनाथला कंपनीतून फोन आला. दुसऱ्या पाळीला माणसं किती? तो बोलत होता, मनात बेरीज करत होता. नजर समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आंबवण्याच्या थांब्यावर रतनबाई डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक हात केला, मग दोन्ही केले. गाडी त्यांच्या पुढ्यातून सरळ निघून गेली.

"दादा, स्पीडब्रेकर!" शिवानी ओरडली. गाडी दाणकन आदळली, मागं डबे घरंगळले. सोमनाथनं गाडी कडेला घेतली, फोन ठेवला.

"रतनबाई कुठं चढतात?" शिवानीनं विचारलं.

"आंबवण्याला. का?"

"ते मागं गेलं."

तोवर रतनबाई धापा टाकत पोचल्या. "आरं, माज्याकडंच बघत हुतास की! मग थांबला का न्हाईस?"

सगळ्या बायका हसल्या. सोमनाथ हसला नाही. "रस्त्याकडंच बघत होतो वो. खरंच दिसल्या न्हाईत तुमी."

"डोळं रस्त्यावर होतं दादा, ध्यान माणसं मोजत होतं," शिवानी हळूच म्हणाली. "रतनबाई कडंला होत्या म्हणून बरं. मधी एखादं लेकरू असतं तर?"

सोमनाथ खाली उतरला, गाडीला वळसा घालून पलीकडं जाऊन बसला. "चालव बाई तूच. पण मला काही इचारायचं झालं तर?"

"आईला फोन करा. ती उचलंल."

कंपनीच्या गेटवर त्यानं बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हर गोळा केले. "गाडी चालू असताना म्या फोन करणार न्हाई, तुमीबी उचलायचा न्हाई. आज मला हे शिवानीनं शिकवलं."

त्या दिवशी पॅकिंगच्या टेबलावर सगुणाबाईंनी ही गोष्ट विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितली. जिनं विचारलं नाही, तिलाही सांगितली. आणि दर वेळी सुरुवात एकच, "माजी लेक हाय ती."