तारांतले जिन आणि बहगतमामा

इकडे बघा, पडद्यावर! मीच बोलतोय. मी संगणकावरचा एक खेळ आहे. आज माझ्या अंगात इतका आनंद मावेनासा झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सापडलात, आता ऐकाच.

माझं नाव ‘तारांतले जिन’. माझ्या पोटात शंभर वर्षांनंतरचं अलेक्झांड्रिया आहे. तिथे माणसांना पोलादी हात आहेत, मानेत बटणं आहेत. आणि कुणा शहाण्याने जुना रांजण उघडल्यामुळे सगळे जिन परत आलेत आणि थेट विजेच्या तारांत राहायला गेलेत. खेळणाऱ्याच्या हाताशी चौघं असतात: एक चेटकीण, एक तारचोर, एक पोलादी पायांचा हमाल आणि एक विद्वान बकरी. एक चाल तुमची, एक चाल जिनांची. बुद्धिबळासारखंच, फक्त माझ्यातलं प्यादं पडताना तुम्हाला शिव्या देतं.

माझा जन्म मात्र आजच्या अलेक्झांड्रियात, बहरी नावाच्या भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका जेवणाच्या टेबलावर झाला. माझे नियम शाहिनाझने लिहिले. ती दिवसभर एका दवाखान्याच्या संगणकांची देखभाल करायची आणि संध्याकाळी माझी. माझी चित्रं वगदीने काढली. तो तिचा कॉलेजातला मित्र. लांबलचक, वाकलेला, आणि खिशात कायम भोपळ्याच्या सोललेल्या बिया.

लहानपणी मी फार वांड होतो. जिनांना जिना उतरायला सांगितलं की ते हवेत चढत जायचे. एकदा तर मी चेटकिणीचं डोकं बकरीला लावलं. वगदी जमिनीवर लोळून हसला. शाहिनाझ मात्र ओठ घट्ट मिटून दुरुस्त करत बसली.

मग दोघांचं वाजलं, तेही माझ्यावरून.

“अगं, खेळाची दुसरी पायरी कुणालाच ओलांडता येत नाही,” वगदी म्हणाला. “मला येत नाही. तुलासुद्धा येत नाही!”

“अवघड आहे, म्हणूनच खेळ आहे. बाळबोध हवं असेल तर भिंतीवर चेंडू मार.”

“तू खेळ नाही बनवत बाई, परीक्षा घेतेस. आणि वर नापास झालेल्यांना हसतेस!”

तो चपला घालून निघून गेला आणि बिस्किटांच्या पुड्यांवर हसरी बदकं काढायला लागला. शाहिनाझने माझ्या संगणकाचं झाकण मिटलं. माझ्या उरावर आधी इस्त्रीचे कपडे आले, मग कांद्यांची पिशवी. असे सात महिने गेले. अंधारात माझे जिन एकमेकांना ओळखेनासे झाले.

मला त्यातून बाहेर काढलं बहगतमामांनी.

ते शाहिनाझच्या आईचे भाऊ. चौतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेले. इनायातमामी गेल्यापासून त्यांचा आवाजच बसला होता. दुखणं काही नव्हतं, बोलायची गरज संपली होती. विचारलं तर “हं”, नाही विचारलं तर तेही नाही. त्यांच्या घराचं गिलाव्याचं काम निघालं म्हणून ते भाचीकडे राहायला आले, सोबत एक पेटी आणि मामींचे तीन लोकरी कोट घेऊन. कोट कशाला आणले, हे कुणी विचारलं नाही.

एका दुपारी बातम्या बघाव्यात म्हणून त्यांनी कांद्यांची पिशवी बाजूला केली, माझं झाकण उघडलं, आणि कुठेतरी बोट लागून मीच सुरू झालो. पहिलाच जिन खांबावरून गुरकावला, “कोण तू?” म्हणजे ती अक्षरं उमटली. तेव्हा मला आवाज नव्हता.

“मी बहगत,” मामा म्हणाले. “तू कोण?”

आई शप्पथ, मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं!

ते खेळायला बसले आणि हरले. पुन्हा बसले, पुन्हा हरले. अकरा वेळा! माझा नियम साधा होता: चौघांपैकी एक जण जरी शहराच्या वेशीपाशी पोचला तरी जिंकलात. पण मामा एकट्याला पुढे पाठवायलाच तयार नव्हते. हमाल पडला की उरलेल्या तिघांना त्याच्याभोवती उभं करायचे आणि सगळेच मार खायचे. संध्याकाळी शाहिनाझने दार उघडलं, तर मामा पडद्याला बोट दाखवून ओरडत होते.

“अरे गाढवा, तारेतून खाली उतर आणि माणसासारखा बोल!” मग खर्जात, जिनाच्या आवाजात: “नाही उतरणार! माझे पाय गार पडतात!” आणि स्वतःच्याच विनोदावर मामा खो खो हसले.

शाहिनाझच्या हातातली पावाची चळत तशीच राहिली. दोन वर्षांनी तिने ते हसणं ऐकलं होतं.

“मामा, बकरीला पळव ना वेशीकडे. जिंकशील लगेच.”

“आणि हे तिघं?”

“ते पडले. डाव आहे तो, मामा. डावपेच म्हणतात त्याला.”

“डावपेच!” मामांनी चष्मा काढला. “दमलेल्यांना टाकून पळायचं, आणि वर वाजंत्री? चौतीस वर्षांत मी रिकामी ट्राम शेवटच्या थांब्याला नेऊन कधी ‘जिंकलो’ म्हटलं नाही, पोरी.”

ती पाव घेऊन स्वयंपाकघरात गेली. मग फोन लावल्याचा आवाज आला.

“वगदी? ये. नाही, माफी मागत नाहीये. बरं, मागते. पण ये लवकर, मामा जिनाशी भांडतायत.”

अर्ध्या तासात वगदी बसबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, ताट घेऊन हजर! आणि मग टेबलावर माझी जी शस्त्रक्रिया सुरू झाली, काय सांगू! नवा नियम मामांचा: चौघंही पोचल्याशिवाय जिंकायचं नाही. पण पडलेल्याला खांद्यावर घेता येतं. ज्याच्या खांद्यावर माणूस असेल त्याला लढता येत नाही; पण ओझं वाहणाऱ्याला जिनही मारत नाहीत.

“का मारत नाहीत?” शाहिनाझने विचारलं. तिला कारण लागतंच.

“लाज असते त्यांना,” मामा म्हणाले. “आपल्यापेक्षा जास्त.”

आणि आवाज! माझे सगळे जिन मामाच बोलले. घरात खालच्या रस्त्याची गडबड येते म्हणून त्यांना कपाटात बसवलं, गोधड्यांच्या आणि त्या तीन कोटांच्या मध्ये. आतून घामाघूम मामा डरकाळ्या फोडायचे, बाहेर वगदी हसू दाबण्यासाठी उशी चावायचा. तिसऱ्या दिवशी कपाट एकदम गप्प झालं. शाहिनाझने दार किलकिलं केलं. मामा एका कोटाची बाही गालाशी धरून बसले होते.

“मामा, थांबूया का?”

“नको.” त्यांनी नाक पुसलं. “एक जिनीण घाल. म्हातारी. लढत नाही, नुसती रागावते. इनायात रागवायची तशी.” आणि त्यांनी आवाज बारीक केला: “आलात लढायला? तोंडं बघा, सुकलेली! आधी मुलूखियाची पातळ भाजी आणि भात जेवा, मग मला मारा!”

शाहिनाझ हसता हसता रडली की रडता रडता हसली, मला कळलं नाही. मला फक्त आवाज नोंदवता येतो.

मग आला प्रदर्शनाचा दिवस. शहरातल्या नव्या खेळांसाठी एक मोठं दालन मिळालं होतं. निघण्याआधी शाहिनाझ वगदीला म्हणाली, “आज नाही चाललं तर पुसून टाकते याला. खरंच सांगते. दोन-दोन आयुष्यं नाही जगता येत मला.” मी ते ऐकलं. माझ्या सगळ्या तारा थंडगार पडल्या.

आणि घात झाला! दालनातल्या संगणकावर माझा आवाजच निघेना. जिन तोंड उघडायचे, मिटायचे, माशासारखे. शाहिनाझ बटणं दाबून दाबून थकली. पहिल्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्याही होत्या, सुआदबाई, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. जाड भिंगं, मांडीवर पर्स.

“मुका आहे का हा?” त्यांनी विचारलं.

“मुका नाही बाई,” पडद्यामागून खर्जात आवाज आला, “तुमच्या चालीची वाट बघतोय!”

मामा! पडद्यामागे स्टुलावर उभे राहून, मान वाकवून ते वरून बघत होते आणि दिसेल त्या जिनाला आवाज देत होते. गुरगुरणारा, बोबडा, सर्दी झालेला. पाच मिनिटांत खुर्चीमागे वीस माणसं, पंधरा मिनिटांत अर्धं दालन. प्रत्येक जण सल्ला देणारा!

“बाई, चेटकिणीला भिंतीआड घ्या!”

“ऐकू नका त्याचं, त्याला घरी चहासुद्धा करू देत नाहीत!”

बाई शूर होत्या, पण धांदरट. चेटकीण पडली, चोर पडला, हमाल पडला. उरली बकरी. जिनिणीने दटावलं, “तिला तरी जेवू घाला!” आणि हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

“बकरीला माणूस उचलता येतो का?” त्यांनी विचारलं.

शाहिनाझने वगदीकडे बघितलं. वगदीने शाहिनाझकडे. हे दोघांच्याही डोक्यातच आलं नव्हतं! वगदीने तसं चित्र काढलं नव्हतं, शाहिनाझने ‘नाही’ असंही कुठे लिहिलं नव्हतं. शाहिनाझने डोळे झाकून घेतले. तिला खात्री होती, मी आता कोसळणार.

बाईंनी बटण दाबलं.

खरं सांगू? मलाही माहीत नव्हतं मी काय करणार ते. पण मी शोधलं, जे सापडलं ते लावलं, आणि तो अगडबंब हमाल बकरीच्या पाठीवर टेकलाच नाही. दोन वीत वर हवेत आडवा तरंगायला लागला, हात छातीवर, झोपलेल्या सुलतानासारखा! बकरी तुरुतुरु निघाली. दालन फुटलं हसण्याने. जिन थबकून बघत राहिले आणि मामा तारेवरच्या जिनाच्या आवाजात कुजबुजले, “वाट द्या रे, वाट द्या, विद्वान येतायत!”

एक फेरी. दुसरी फेरी. आता अख्खं दालन पावलं मोजत होतं. तिसऱ्या फेरीत चेटकिणीला घेऊन बकरी वेशीतून आत शिरली आणि मागून कुठूनतरी, लग्नात काढतात तशी, जीभ फिरवून खणखणीत किलकारी उठली. सुआदबाईंची पर्स खाली पडली होती. त्यांनी भिंगं काढून पुसली आणि विचारलं, “पुन्हा बसू का मी?”

“रांगेत या, बाई!” मागून चाळीस माणसं ओरडली.

मला कुणी पुसलं नाही. आज मी ओरानमध्ये आहे, बसऱ्यात आहे, अम्मानमधल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, रोग्यांच्या खोलीत आहे. तरंगणारा हमाल दुरुस्त करायचा नाही, असं लोकांनी बजावून कळवलंय. गिलावा केव्हाच वाळला, पण बहगतमामा रोज सकाळी इथे येतात. आता त्यांना गप्प करणं हेच अवघड काम आहे.

सध्या माझा दुसरा भाग चाललाय आणि मी टेबलावर उघडा पडलोय. परवा वगदीने माझा समुद्र काढून टाकला, नवा घालायचा म्हणून. त्यामुळे या आठवड्यात माझ्याकडे आलात तर बंदर कोरडं दिसेल, होड्या मातीत उभ्या, मासे हवेत. कृपा करून हसू नका आणि तक्रारही लिहू नका. चार दिवस कळ काढा.

तिघंही आत्ता किनाऱ्यावर गेलेत, लाटांचा आवाज धरून आणायला. आली वाटतं! जिन्यात पावलं वाजतायत. तिघांच्या चपला ओल्या, चपक चपक. मामा म्हणतायत, मोठी लाट मी आणली. वगदी म्हणतोय, तुम्ही तर पळालात. शाहिनाझला हसू आवरत नाहीये, किल्ली कुलपात जात नाहीये.

चला, येतो मी. मला समुद्र बसवायचाय.