काचेचं दुसरं टोक

मोठी काच एकट्याने वाहता येत नाही. दोन माणसं लागतात. एक सरळ चालतो, दुसरा उलट्या पावलांनी, आणि वळण आलं की सरळ चालणारा विचारतो, "आहे?" समोरचा म्हणतो, "आहे." म्हणजे पकड घट्ट आहे, चल. उत्तर आलं नाही तर जागच्या जागी थांबायचं. अण्णांचं काचेचं दुकान. त्यांच्या काचेचं दुसरं टोक लग्नापासून त्यांच्या बायकोने धरलं. गडी परवडत नाही म्हणून बायकोला राबवतो, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे! त्या दोघांच्या हातून एक काच कधी पडली नाही, आणि बोलणाऱ्यांच्या घरात कपाला कान शिल्लक नव्हता.

ती गेली आणि अण्णांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली. उदासी किती गेली देव जाणे, पण अण्णा झोपेत काचा वाहू लागले. डोळे मिटलेले, हात पसरलेले, तोंडाने "आहे?" कधी लाथ झाडायचे, कधी पलंगावरून खाली यायचे. सोबतीला राहायला आलेली त्यांची मुलगी हादरून गेली.

"स्वप्नात आपलं अंग आवरलेलं असतं, यांचं ते आवरणं सुटलंय," डॉक्टर तिला म्हणाले. "त्यात ही गोळी, झोपण्याआधीची दारू, जागरण, दिवसभराची चिडचिड, यांनी ते आणखी वाढतं." त्यांनी गोळी बदलली. मुलीने बाटली मोरीत रिकामी केली आणि पलंगाभोवती गाद्या अंथरल्या.

अण्णा शांत झोपू लागले. सगळ्यांना हायसं वाटलं, एक अण्णा सोडून. त्या स्वप्नांत ती यायची ना! तोंड दिसायचं नाही, मध्ये काच आणि काचेवर उजेड, पण "आहे?" म्हटलं की पलीकडून "आहे" यायचं. आता डोळा लागायचा आणि सकाळ व्हायची, मध्ये काहीच नाही.

शेवटी म्हाताऱ्याने लबाडी केली. जुन्या गोळ्यांचं उरलेलं पाकीट जोड्यांच्या खोक्यात दडवलं होतं, ते बाहेर काढलं. शेजारच्या सुताराला लाडीगोडी लावून बाटली आणवली. भाजीत मीठ नाही म्हणून मुलीशी भांडण उकरून काढलं. मीठ व्यवस्थित होतं. डॉक्टरांनी जे जे टाळा म्हटलं, ते ते अण्णांनी नेमाने केलं.

आणि एका पहाटे ती आली. अरुंद जिना, वळण, हातात भलीमोठी काच.

"आहे?"

"आहे."

इतक्या जवळून आवाज आला की अण्णांनी जन्मात केली नव्हती ती चूक केली. काच सोडली आणि तिलाच धरायला हात पुढे टाकले.

फुटल्याचा आवाज मात्र खरा होता. जाग आली तेव्हा अण्णा खिडकीपाशी उभे होते. काचेला भगदाड, मुठीतून रक्त, आणि मुलगी भुवई दाबून गादीवर बसलेली. तिच्या बोटांमधूनही रक्त येत होतं.

"तू कशाला जवळ आलीस?" अण्णा ओरडले.

"तुम्ही खिडकीकडे निघाला होतात. एरवी मी दारातूनच म्हणते."

"काय म्हणतेस?"

"'आहे' म्हणते. तुम्ही झोपेत विचारायला लागल्यापासून. उत्तर दिलं की तुम्ही शांत पडता. नाही दिलं तर विचारतच राहता, अण्णा. ऐकवत नाही मला." ती रडायला लागली. "गोळी बदलली तेव्हा मलाही चुकल्याचुकल्यासारखं झालं. आईच्या जागी उभं राहायचं तेवढंच तर होतं माझ्याकडे."

अण्णांची बायको त्या पहाटे दुसऱ्यांदा गेली. ते मुलीशेजारी गादीवर बसले. मग मुलीच्या भुवईवर त्यांनी स्वतःचा रुमाल धरला.

"जोड्यांच्या खोक्यात गोळ्या आहेत," ते म्हणाले. "घेऊन जा. बाटली सुताराची आहे, ती माझ्या देखत ओत."

हात बरा झाल्यावर खिडकीचा विषय निघाला. मुलगी म्हणाली, काचवाल्याला बोलावू. अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती निमूटपणे दुकानात गेली आणि काचेच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. दोघांनी काच उचलली. ती उलट्या पावलांनी निघाली, अगदी आईसारखी टाचेने आधी जमीन चाचपत.

दाराशी वळण आलं. मुलगी जागच्या जागी थांबली.

"विचारा ना, अण्णा."

"आहे?"

"आहे."

भरदिवसाचा उजेड होता. काचेपलीकडचं तोंड या वेळी स्वच्छ दिसत होतं, भुवईवरच्या टाक्यांसकट. अण्णांनी पकड घट्ट केली आणि पाऊल पुढे टाकलं.