संत्र्याच्या मुठीची सुरी

जुनी आहे मी, मित्रांनो, पण बोथट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण जुनं म्हटलं की लोक लगेच भंगारवाल्याला हाक मारतात. मी एक घडीची सुरी आहे. पातं मुठीत मिटायचं, कमरेच्या पिशवीत टाकायचं आणि काम आलं की नखाने उघडायचं, एवढीच माझी करामत. पण ती मी अशी केली, की तुमच्या आजच्या प्लास्टिकच्या कटरने माझ्यासमोर मान खाली घालावी.

माझा जन्म नांदगाव खंडेश्वरचा. तिथे शेषराव नावाचे लोहार होते. विळे, वखराची पास, कुऱ्हाडी ते वर्षभर करत. घडीच्या सुऱ्या मात्र दिवाळी झाल्यावर एकदाच, त्याही थोड्या. जुन्या ट्रकच्या कमानीचा एक पाटा घ्यायचा आणि तो सरला की सुऱ्या सरल्या. मागून कोणी कितीही गोड बोललं तरी पुढच्या दिवाळीपर्यंत नाही. म्हणून आम्ही थोड्या आणि म्हणून आमचा तोरा मोठा.

शेषरावांचा एक रिवाज होता. पातं त्यांचं, पण मुठीचं लाकूड ज्याचं त्याने आणायचं. कोणी बाभूळ आणे, कोणी चिंच, कोणी तुटक्या वखराचा तुकडा. त्यामुळे आम्हा बहिणींत एकीची मूठ दुसरीसारखी नव्हती. माझ्यासाठी लाकूड घेऊन आली जाईबाई. तिचं माहेर तिथलं, सासर मोर्शीच्या वाटेवरचं, संत्र्याच्या बागेतलं. तिने पदरातून पिवळसर लाकडाचा तुकडा काढला तेव्हा शेषराव हसले.

"संत्र्याचं लाकूड उलते, बाई. बाभयीचं आन."

"बाभूय तुमच्या वखराले लावा, काका. मी काही बाभयीचे डोये बांधत नाही."

"उलली त माह्याकडे येजो नको मंग."

"नाही येत. मी तिले उलूच नाही देत."

अशी मी तिची झाले.

डोळे बांधणं म्हणजे काय, ते शहरातल्या मुलांना सांगायला हवं. जंबेरीचं रोप चिवट असतं, पण त्याचं फळ खाल तर तोंड वाकडं होईल. म्हणून त्याच्या सालीत एक चीर पाडायची आणि गोड संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, अलगद उतरवून त्या चिरेत बसवायचा. वरून पट्टी बांधायची. डोळा हिरवा राहिला तर झाड झालं, काळा पडला तर मेहनत मातीत. साल कापायची, पण आतल्या लाकडाला दुखवायचं नाही, एवढ्या नाजूक धारेचं ते काम. जाईबाईचा अंगठा माझ्या पाठीवर टेकला की मला कळायचं, किती जायचं आणि कुठे थांबायचं. तो अंगठा खरबरीत होता, पण त्याचा भार फुलाएवढा. तिने बांधलेले डोळे क्वचितच मरत. वरूडपासून लोक तिला बोलावून नेत, आणि ती जाताना म्हणे, "मले नका बोलावू, माह्या सुरीले बोलावता तुमी." बाई फारसं कौतुक करणारी नव्हती, पण माझा वाटा तिने कधी ठेवून घेतला नाही.

तिच्या मुलाचं, पंजाबरावचं लग्न झालं तेव्हा नवरदेवाच्या हातात मीच होते. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात सुरी असते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. हळदीपासून वरातीपर्यंत ते लिंबू माझ्या टोकावर होतं, त्याचा काळा डाग पडला तो कायमचा. दुसरी कोणी असती तर रडत बसली असती. मी तो डाग कुंकवासारखा मिरवला. रोज संध्याकाळी जाईबाई माझ्या मुठीला जवसाचं तेल चोळायची. मूठ हळूहळू मधासारखी पिवळी झाली आणि शेषराव जिवंत होते तोवर उलून चीर गेली नाही. त्यांच्या मागेही नाही.

उलली ती बाग गेल्यावर. झाडांना डिंक्या रोग लागला, एकेक वाळत गेलं. पंजाबरावने झाडं काढून सोयाबीन पेरलं. कोणाला रोपं लागली तर लोक तयार कलमं गाडीत घालून आणू लागले. नवरा गेल्यावर जाईबाईने रिद्धपूरला महानुभावांचा उपदेश घेतला आणि तिचे दिवस पोथीपाठात जाऊ लागले. मला तिने स्वच्छ पुसून लोखंडी पेटीत ठेवलं. रागावू कशी? तिने मला टाकलं नव्हतं, तिच्याजवळ मला द्यायला काम उरलं नव्हतं. पण तेलावाचून मूठ सुकली आणि लांब चीर गेली. अंधारात मी एकाच गोष्टीसाठी झुरले. तो अंगठा पुन्हा एकदा पाठीवर हवा, बस.

मग पेटी उघडली ती ललितने. ललित हा पंजाबरावचा मुलगा, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात नोकरीला. त्याला सुऱ्या जमवण्याचं वेड. कोणी कारागीर जुन्या घडणीच्या मोजक्याच सुऱ्या काढणार असं मोबाइलवर दिसलं की हा जेवण सोडून उठतो. मला पाहताच त्याने पातं उघडलं. "आजी, ही शेषराव लोहाराची होय. अशा आता सापडत नाही." असं म्हणून त्याने मला अमरावतीला नेलं.

त्याच्या मखमली पेटीत मी राहिले, मित्रांनो, आणि तिथल्या बायांची काय सांगू. एक होती उंटाच्या हाडाच्या मुठीची, पांढरीशुभ्र. जन्मात एक कांदा कापला नाही आणि नखरा राणीचा. दुसरी शिसवी मुठीची, तिला घाम लागला तर डाग पडेल म्हणून कोणी धरतच नसे. हात नसलेल्या त्या घरात माझा जीव घुसमटला.

ललितचा एक सौदा ठरत होता. त्याच्यासारख्याच सुऱ्या जमवणाऱ्या अकोल्याच्या योगेशकडे पितळी मुठीची एक दुर्मीळ सुरी होती, आणि तिच्या बदल्यात त्याला मी हवी होते. ललितने विचार केला, उललेल्या मुठीची सुरी पुढे कशी करावी? शिसव लावू की शिंग, यावर तो कितीतरी दिवस कारागिराशी फोनवर बोलला. शेवटी म्हशीचं काळं शिंग ठरलं. खिळे काढताना माझ्या संत्र्याच्या मुठीचा भुगा झाला. पात्यावरचा लिंबाचा डाग मात्र त्याने घासू दिला नाही. जुना डाग ठेवायचा असतो हे त्याला माहीत होतं. मुठीचं माहीत नव्हतं.

अकोल्याला योगेशने मला उघडलं, डाग पाहिला आणि खूश झाला. मग मुठीवर त्याची नजर अडली.

"ललितभाऊ, मूठ कावून बदलली?"

"उललेली होती ना."

"उललेलीच पायजे होती मले. पातं तं लोहाराचं हाय, तसं अजून चार घरी भेटन. मूठ तुमच्या घरची होती."

"जुनी बसवून देतो."

"कुठं हाय जुनी?"

तिचा तर भुगा झाला होता. सौदा मोडला. परतीच्या गाडीत तो उदास होता आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून नाचत होते. मला वाटलं, आता घरी जाईन, जाईबाई मला हातात घेईल.

तो मला थेट गावी घेऊन आला. जाईबाई ओसरीवर बसली होती. तिने हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

"ही कोन?"

"तुहीच सुरी, आजी."

"माही सुरी अशी चमकत नव्हती. कायची मूठ होय ही?"

"म्हशीच्या शिंगाची. लय भारी असते."

जाईबाईने हात मागे घेतला. उपदेश घेतलेली बाई ती, चामड्याची चप्पलही पायात घालत नाही. "म्हशीले इचारलं होतं का तू? आजीले तं नाही इचारलं."

"चुकलं माहं. दुसरं लाकूड लावतो."

"कोनतं? बाग कुठं हाय आता?"

मित्रांनो, तिच्यापासून एका वितीवर मी होते आणि ती मला शिवत नव्हती. पेटीतल्या अंधारातही मला इतकं दूर वाटलं नव्हतं.

ललितने हातोडी आणली, ओसरीवरच खिळे ठोकून शिंग काढून टाकलं. उरलं माझं उघडं पातं आणि दोन पितळी पट्ट्या. जाईबाईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि माझ्याभोवती घट्ट गुंडाळली. शिसव, शिंग, हाड यांच्या रांगेत बसेल अशी ती मूठ नव्हती. ती चिंधी सोडल्याशिवाय मला आता मिटताही येत नाही.

न्हाणीजवळ जंबेरीचं एक रोप आपोआप उगवलं होतं. जाईबाईने शेजारच्या भावनाकडून संत्र्याची फांदी मागवली आणि रोपापाशी बसली. तिचा अंगठा माझ्या पाठीवर टेकला. तोच होता, मित्रांनो. पण आता थरथरत होता. तिने सालीत एक चीर पाडली, ती वाकडी गेली आणि लाकडापर्यंत रुतली. मी थांबायचा प्रयत्न केला, पण सुरीला थांबता येत नाही, थांबवतो तो हात. तिने चिरेकडे पाहिलं, मग मला ललितच्या हातात दिलं.

"धर. अंगठा पाठीवर ठेव. दाबू नको, गाढवा, तुह्या कारखान्यातलं कापड नोहे ते."

पुढची चीर त्याने पाडली. ती चांगली गेली. जाईबाई शेजारी बसून एकेक शब्दाने त्याला टोचत होती, आणि शेवटी पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "बरं हाय." तिच्याकडून एवढं पुष्कळ.

आता मी ललितजवळ असते. त्याचा अंगठा मऊ आहे, शिकेल हळूहळू. जाईबाई मला हातात घेत नाही. मी पेटीत होते त्या वर्षांतल्या एखाद्या दिवशी कोणी मला तिच्या हातात दिलं असतं, तर तिची चीर सरळ गेली असती. तुमच्या घरातही एखादी कात्री असेल, विळी असेल, शिवणाचं यंत्र असेल. त्याला काच लावून सजवू नका आणि पेटीत कोंडूही नका. तेलपाणी करा आणि ज्याच्या हाताची त्याला सवय आहे, त्याच्या हातात द्या. तो हात थरथरायला लागायच्या आत द्या.